रक्त साठवण केंद्रात नव्याने रुजू होताना: फ्रिज, साठा आणि पिशवीचा हिशेब

तालुक्याच्या रुग्णालयात रक्त साठवण केंद्रावर नेमणूक झालेला नवा तंत्रज्ञ पहिल्याच दिवशी हमखास विचारतो, "सर, फ्रिजमध्ये पिशव्या किती ठेवायच्या?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण याचं उत्तर पिशव्यांत देऊ नये, दिवसांत द्यावं. "आपल्याकडे वीस पिशव्या आहेत" असं कोणी सांगितलं तर मला त्यातून काहीच कळत नाही. "बी पॉझिटिव्ह चार दिवस पुरेल, ओ पॉझिटिव्ह उद्या संध्याकाळी संपेल" असं सांगितलं की लगेच फोन उचलता येतो. वीसपैकी बारा पिशव्या ए पॉझिटिव्हच्या असतील आणि लेबर रूममध्ये रक्तस्राव होणारी बाई ओ पॉझिटिव्ह असेल, तर त्या बाईपुरता फ्रिज रिकामाच असतो.

हा लेख साठवण केंद्रावर नव्याने आलेले तंत्रज्ञ, सिस्टर आणि मेडिकल ऑफिसर यांच्यासाठी आहे. मी आधी जिल्ह्याच्या रक्तकेंद्रात आणि मग साठवण केंद्रात बरीच वर्षं काम केलं. पहिल्या महिन्यात जे कोणीतरी सांगायला हवं होतं, ते कामाच्या क्रमाने लिहितो आहे.

पायरी १: आपलं केंद्र नेमकं काय आहे ते समजून घ्या

लोक आपल्याला सरसकट "ब्लड बँक" म्हणतात. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर कागदोपत्री "रक्तकेंद्र" हा शब्द आला, बोलण्यात मात्र रक्तपेढीच राहिली. आपण दोन्हीपैकी काहीच नाही. आपण साठवण केंद्र आहोत. इथे रक्तदात्याचं रक्त काढायचं नाही आणि शिबिर घ्यायचं नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (गुप्तरोग) आणि मलेरिया या पाच सक्तीच्या तपासण्याही इथे होत नाहीत. त्या सगळ्या मुख्य रक्तकेंद्रात होतात. तपासलेली, लेबल लागलेली पिशवी आपल्याकडे येते. ती नीट ठेवणं, रुग्णाशी जुळवणं, वेळेत देणं आणि प्रत्येक पिशवीचा माग कागदावर ठेवणं एवढं आपलं काम.

वर्षाला २,००० पिशव्यांपेक्षा कमी वापर असलेल्या रुग्णालयाला अन्न व औषध प्रशासनाच्या मंजुरीने असं केंद्र चालवता येतं. पहिल्या दिवशी मंजुरीपत्र, मुख्य रक्तकेंद्राशी झालेला करार आणि त्या दोन्हींची मुदत स्वतः डोळ्यांनी बघा. करारात गाडी कधी येणार, जुन्या पिशव्या परत घेणार का, रात्री फोन कोण उचलणार हे लिहिलेलं असतं. नसेल तर लिहून घ्या. रात्री दोन वाजता तोंडी शब्दाचा उपयोग होत नाही.

पायरी २: फ्रिजची ओळख करून घ्या

लाल पेशी आणि संपूर्ण रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसला राहतं. यासाठी रक्ताचा खास फ्रिज लागतो. त्यात आतली हवा पंख्याने फिरते, तापमानाची सलग नोंद होते आणि अलार्म असतो. घरगुती फ्रिज कितीही नवा असला तरी चालत नाही, कारण त्यात वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या तापमानात मोठा फरक पडतो आणि मागच्या भिंतीला टेकलेली पिशवी गोठूही शकते. गोठलेल्या लाल पेशी फुटतात. ती पिशवी पुन्हा वितळल्यावर वरवर रक्तासारखीच दिसेल, पण रुग्णाला ती विषासारखी बाधेल.

रोज करायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण एकही चुकवायची नाही. दर चार तासांनी तापमान वहीत लिहायचं. आलेख आपोआप निघत असला तरी हाताने लिहायचं, कारण लिहिणारा माणूस त्या निमित्ताने फ्रिजसमोर उभा राहतो. आठवड्यातून एकदा अलार्म मुद्दाम वाजवून बघायचा. अलार्म तुमच्या खोलीत वाजून भागत नाही. रात्री जिथे माणूस जागा असतो, त्या कॅज्युअल्टीत तो ऐकू गेला पाहिजे.

फ्रिजमध्ये रक्ताशिवाय काही ठेवायचं नाही. लस नाही, डबा नाही, पाण्याची बाटली तर नाहीच. कप्पे वेगवेगळे करा: न जुळवलेल्या पिशव्या गटवार, क्रॉसमॅच करून (म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून) राखून ठेवलेल्या वेगळ्या, आणि सगळ्यात खाली "वापरू नये" अशी मोठी चिठ्ठी लावलेल्या. संशयास्पद किंवा मुदत संपलेली पिशवी चांगल्या पिशव्यांच्या कप्प्यात एक रात्रसुद्धा राहता कामा नये.

वीज गेली तर आधी दार उघडू नका. दार बंद असेल तर चांगला फ्रिज काही तास थंडावा धरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भारनियमन आणि पावसाळ्यात लाईन तुटणं नेहमीचंच, म्हणून जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ही माहितीही तुमच्याच वहीत असू द्या. तापमान ६ च्या वर सरकायला लागलं की पिशव्या बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पेटीत हलवायच्या आणि वेळ लिहायची. पॅक पिशवीला थेट टेकू द्यायचा नाही, मध्ये पुठ्ठा किंवा जाड कापड हवंच.

पायरी ३: पिशव्या आल्या की हातात घेऊन बघा

मुख्य केंद्रातून गाडी आली की सही करून पेटी फ्रिजमध्ये रिकामी करायचा मोह होतो. थांबा. पेटी उघडताक्षणी आतलं तापमान बघून लिहा. प्रवासात लाल पेशी २ ते १० अंशांत असायला हव्यात. मग एकेक पिशवी उजेडात धरा.

उभी ठेवून थोडी स्थिरावलेली पिशवी बघितली तर खाली गडद लाल थर आणि वर फिकट द्रव दिसतो. तो वरचा द्रव गुलाबी किंवा लालसर असेल तर पेशी फुटल्या आहेत. गुठळी दिसते का, शिवणीतून ओल येते का, पिशवी फुगल्यासारखी वाटते का हे बघा. पिशवीला जोडलेल्या नळीचे जे छोटे सीलबंद तुकडे असतात, त्यांचा रंग पिशवीतल्या रक्ताशी ताडून बघा. नळीतलं रक्त नेहमीसारखं लाल आणि पिशवीतलं मात्र जांभळट, काळपट असेल तर पिशवीत जंतू वाढत असण्याची शक्यता आहे. ती पिशवी बाजूला ठेवा आणि मुख्य केंद्राला फोन करा. हे बघायला पिशवीमागे अर्धा मिनिट लागतो. माझ्या हातून अशी एक पिशवी वेळीच बाजूला निघाली होती. तेव्हापासून घाईच्या दिवशीही मी हा अर्धा मिनिट सोडलेला नाही.

लेबलवरचा क्रमांक, गट, रक्त काढल्याची तारीख आणि मुदत चलनाशी ताडून रजिस्टरमध्ये चढवा. सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातल्या संपूर्ण रक्ताची मुदत ३५ दिवसांची, एसएजीएम हे पोषक द्रावण घातलेल्या लाल पेशींची ४२ दिवसांची. पण पिशवी तुमच्याकडे येईपर्यंत त्यातले दहा-बारा दिवस गेलेले असू शकतात. तुमच्यासाठी महत्त्वाचा आकडा एकच: आजपासून किती दिवस उरले. तो पिशवीच्या कार्डावर ठळक लिहा आणि कप्प्यात आधी संपणारी पिशवी पुढे, उशिरा संपणारी मागे अशी रचना करा.

पायरी ४: साठा किती? वही काढा आणि भागाकार करा

हा भाग सावकाश वाचा. साठवण केंद्र चांगलं चालतं की वाईट, ते इथेच ठरतं.

मागच्या तीन महिन्यांचं इश्यू रजिस्टर घ्या. प्रत्येक गटाच्या खरोखर चढवलेल्या पिशव्या मोजा. मागवलेल्या नव्हे, चढवलेल्या. समजा बी पॉझिटिव्हच्या ५४ पिशव्या लागल्या. नव्वद दिवसांत ५४, म्हणजे दिवसाला ०.६. आता मुख्य केंद्राची गाडी दोन फेऱ्यांमध्ये जास्तीत जास्त किती दिवस घेते ते बघा. सोमवार आणि गुरुवारी येत असेल तर गुरुवार ते सोमवार, चार दिवस. चार दिवसांची गरज २.४, म्हणजे ३ पिशव्या. त्यावर एका मोठ्या रक्तस्रावासाठी ३ धरा. झाल्या ६. बी पॉझिटिव्हची ही तुमची खालची रेघ. फ्रिजमध्ये ६ उरल्या की पुढच्या फेरीची वाट न बघता मागणी पाठवायची.

वरची रेघही हवी. जास्त ठेवलं म्हणजे सुरक्षित झालो असं वाटतं, पण दिवसाला ०.६ लागणाऱ्या गटाच्या ३० पिशव्या ठेवल्या तर त्या संपायला पन्नास दिवस लागतील, आणि पिशवीचं उरलेलं आयुष्य तीसच दिवसांचं आहे. कोणीतरी दंडाला सुई टोचून घेऊन दिलेलं रक्त आपल्या फ्रिजमध्ये कालबाह्य होतं, तेव्हा त्या दात्याचा विश्वास आपण वाया घालवलेला असतो. म्हणून खालच्या रेघेवर आणखी आठ ते दहा दिवसांच्या गरजेपलीकडे साठा वाढवू नका.

केंद्र नवं असेल आणि मागचे आकडेच नसतील, तर ए, बी, ओ पॉझिटिव्ह प्रत्येकी ५, एबी पॉझिटिव्ह २ आणि ए, बी, ओ निगेटिव्ह प्रत्येकी १ अशी सुरुवात करा. तीन महिन्यांनी स्वतःचे आकडे हातात आले की हा साचा सोडून द्या. जिथे सिझेरियन जास्त होतात त्या रुग्णालयाची गरज आणि हायवेवरच्या अपघातांच्या रुग्णालयाची गरज सारखी नसते.

काही गटांचा वेगळा विचार करावा लागतो. आपल्याकडे ओ आणि बी मिळून निम्म्याहून जास्त लोक असतात, एबी शंभरात दहाच्या आत आणि आरएच निगेटिव्ह पाचच्या आसपास. एबी पॉझिटिव्हचा कप्पा रिकामा दिसला की नवे लोक घाबरतात. घाबरू नका. एबीच्या रुग्णाला लाल पेशी ए, बी किंवा ओच्याही चालतात, क्रॉसमॅच जुळला म्हणजे झालं. खरी काळजी ओची करा. ओच्या रुग्णाला ओशिवाय काही चालत नाही, आणि बाकी सगळ्यांना अडीनडीला ओ चालतं, त्यामुळे त्या कप्प्याला दोन्हीकडून ओढ असते. "बी संपलं, ओ देऊन टाकू" ही सवय लागली की पुढच्या आठवड्यात ओचा रुग्ण ताटकळतो.

निगेटिव्ह पिशव्या बहुतेक वेळा पडूनच राहतात आणि एखाद्याच रात्री जीव वाचवतात. त्या वाया जाऊ नयेत म्हणून मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी मुख्य केंद्राला परत करून नव्या घ्या. तिकडे रोज चार-पाच शस्त्रक्रिया असतात, दहा दिवसांत त्यांच्याकडे ती लागते. हाच नियम सगळ्याच गटांना लावा. मी दर सोमवारी गाडी यायच्या आधी दहा-बारा दिवस उरलेल्या पिशव्यांची यादी काढून ठेवत असे, गाडीवाल्या मामांना थांबावं लागत नसे.

पायरी ५: वर्षाचं चक्र ध्यानात ठेवा

एप्रिल-मे हा टंचाईचा काळ. कॉलेजं बंद, लोक गावी किंवा लग्नांत, उन्हात शिबिराला कोणी येत नाही. दिवाळीतही तसंच. उलट शिवजयंती, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव आणि नेत्यांचे वाढदिवस या दिवसांत इतकी शिबिरं होतात की मुख्य केंद्राचे फ्रिज भरून वाहतात. एका दिवसात गोळा झालेल्या सगळ्या पिशव्यांची मुदतही एकाच आठवड्यात संपायला येते. महिनाभर रेलचेल आणि मग एकदम कोरड, हे त्यातूनच होतं.

आपण शिबिर घेत नाही, पण गावातली मंडळं आणि तरुण आपल्याला ओळखतात. त्यांना दोन गोष्टी सांगता येतात. पहिली, चारशे पिशव्यांचं एक शिबिर करण्याऐवजी शंभर-शंभरची चार करा आणि त्यातलं एक मेमध्ये ठेवा. दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलेल्या पुरुषाचे ९० दिवस २० मेच्या आसपास पूर्ण होतात, म्हणजे ऐन टंचाईत. शिबिराची यादी जपून ठेवली आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात फोन केले, तर उन्हाळ्याचा शेवट बराच सुसह्य होतो. फोन करताना माणूस पात्र आहे ना ते विचारा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नको. शेवटी तपासून ठरवणार मुख्य केंद्रच.

पावसाळा संपता संपता डेंग्यू वाढतो आणि नातेवाईक "पेशी कमी झाल्यात, पेशी द्या" म्हणत येतात. ते प्लेटलेटबद्दल बोलत असतात, पुष्कळदा त्यांना "पांढऱ्या पेशी" म्हणतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि ५ दिवसच टिकतात, त्यामुळे त्या आपल्याकडे नसतात. हे नीट समजावून सांगा. प्लेटलेट दहा हजारांच्या वर असतील आणि कुठून रक्त येत नसेल, तर बहुधा चढवायची गरज पडत नाही, हेही डॉक्टरांकरवी त्यांना ऐकू द्या. रात्रभर जिल्ह्याला पळापळ करणाऱ्या बापाला एवढं ऐकूनच धीर येतो.

पायरी ६: मागणी आली, आधी नमुना तपासा, मग गट

रक्त चढवताना होणारे सर्वांत भयंकर अपघात बहुतेक वेळा प्रयोगशाळेत घडत नाहीत, ते खाटेपाशी घडतात. एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावाच्या ट्यूबमध्ये जातो. प्रसूती वॉर्डात एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका असणं आपल्याकडे अगदी सर्रास. म्हणून नियम असा: ट्यूबवर लेबल खाटेपाशीच लावायचं, रुग्णाला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लावायचं ("तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, त्याला कोणीही मान हलवतं), आणि लेबलवर नाव, आयपीडी नंबर, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याची सही. यातलं एक जरी नसेल तर नमुना परत पाठवा. सिस्टर रागावतील, पहिल्या महिन्यात चार वेळा रागावतील. पाचव्यांदा लेबल पूर्ण भरलेलं येईल.

गट तपासताना पेशींकडून आणि सीरमकडून (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवाकडून), दोन्ही बाजूंनी तपासा. दोन्ही निकाल जुळल्याशिवाय गट लिहायचा नाही. केसपेपरवर किंवा जुन्या आधारकार्डाच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेला गट वाचून रक्त द्यायचं नाही.

इथे आपल्या मुंबईशी जोडलेली एक गोष्ट लक्षात ठेवा. १९५२ साली केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक असा गट नोंदवला, ज्याला पुढे जगभर "बॉम्बे ब्लड ग्रुप" म्हणू लागले. पेशींच्या तपासणीत हा रुग्ण चक्क ओ दिसतो. पण ओच्या पेशींवरही असणारं एच प्रतिजन (पेशीवरची ओळखखूण) त्याच्या पेशींवर नसतंच आणि सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिपिंड (अँटिबॉडी) असतात, म्हणून ओची पेशीसुद्धा त्याच्या सीरमबरोबर गुठळ्या करते. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो. फक्त पेशींकडून गट बघणारा तंत्रज्ञ त्याला ओ समजून ओ देईल. रुग्ण ओ दिसतो, पण ओची एकही पिशवी जुळत नाही, असं झालं की पुढची पिशवी काढू नका. नमुना मुख्य केंद्राला पाठवा. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं.

पायरी ७: राखून ठेवलेल्या पिशव्यांवर लक्ष ठेवा

"उद्या सिझर आहे, दोन पिशव्या क्रॉसमॅच करून ठेवा." ही मागणी रोज येते, आणि त्या दोन्ही बहुधा लागत नाहीत. पण राखीव कप्प्यात पडल्यामुळे दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत. महिन्याच्या शेवटी एक भागाकार करा: किती पिशव्या क्रॉसमॅच केल्या, भागिले किती चढवल्या. उत्तर २ च्या आत असेल तर छान. अडीचच्या वर गेलं तर फ्रिज भरलेला दिसतो, पण वापरायला पिशवी नसते.

यावर उपाय डॉक्टरांशी बोलून निघतो. ज्या शस्त्रक्रियेत रक्त क्वचितच लागतं, तिथे नुसता गट आणि अँटिबॉडी तपासून नमुना तयार ठेवा, पिशवी अडकवू नका. राखून ठेवलेली पिशवी शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या वेळी, साधारण २४ ते ४८ तासांत, मोकळी करा. मोकळी करण्यापूर्वी वॉर्डला एक फोन पुरतो.

पायरी ८: वेळ नसेल तेव्हा

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मिनिटांत जीव घेतो. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तास ते तासभर लागतो, गट बघून झटपट जुळवायला दहा-पंधरा मिनिटं. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाची लाल पेशींची पिशवी डॉक्टरांच्या लेखी सहीवर तशीच द्यायची. पुढे अपत्य होऊ शकणाऱ्या बाईला ओ निगेटिव्हच द्या. पुरुषाला ओ पॉझिटिव्ह दिली तरी चालते, निगेटिव्ह वाचते. मात्र पिशवी हातात देण्याआधी रुग्णाच्या रक्ताचा नमुना घ्या. ओ चढल्यावर घेतलेल्या नमुन्यात खरा गट धूसर होतो. पिशवी गेली तरी मागे क्रॉसमॅच सुरू ठेवा, आणि न जुळणारं काही दिसलं तर वॉर्डात धावत जा.

प्रसूत झालेली बाई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते डॉक्टरांचं काम, पण गट तुम्हीच लिहिलेला असतो. आठवण करून दिलीत तर कोणी रागावत नाही.

पायरी ९: पिशवी खिडकीबाहेर गेल्यावर

एका रुग्णालयात मी पाहिलं आहे: बायकोसाठी रक्त घेऊन निघालेला नवरा पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून जिना चढत होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, रक्त गार असतं, ऊब द्या. त्याच्या जीवाची तगमग खरी होती, पण पिशवीचा प्रवास आपण त्याच्यावर सोपवला ही आपली चूक. पिशवी नातेवाइकाच्या हाती देऊ नका. वॉर्डातल्या मामांनी किंवा मावशींनी ती थंड डब्यात न्यावी. गरम पाण्यात, नळाखाली किंवा उन्हात ती कधीही कोमट करायची नाही.

वॉर्डसाठी एक कागद भिंतीवर लावा. त्यावर एवढंच:

- पिशवी फ्रिजबाहेर आल्यापासून ३० मिनिटांत सुरू करा. करणार नसाल तर त्याच वेळात परत पाठवा. त्यानंतर आलेली पिशवी साठ्यात घेतली जात नाही.
- चढवणं ४ तासांत संपवा.
- त्याच लाईनमधून फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोज नाही, रिंगर लॅक्टेट नाही, औषध नाही.
- सुरू करण्यापूर्वी दोघांनी खाटेपाशी नाव, आयपीडी नंबर, गट आणि पिशवी क्रमांक मोठ्याने वाचायचा.
- पहिली १५ मिनिटं हळू, आणि माणूस शेजारी.

थंडी वाजून ताप, कंबरेत किंवा सुईच्या जागी दुखणं, धाप, लघवी लाल होणं, रक्तदाब घसरणं, यातलं काहीही झालं की रक्त लगेच थांबवा, सलाईनने शीर उघडी ठेवा, डॉक्टरांना बोलवा आणि नावं पुन्हा ताडा. उरलेली पिशवी सेटसकट, रुग्णाचे ताजे नमुने आणि लघवी केंद्रात पाठवा. अतिशय फिकट, बारीक चणीच्या गरोदर बाईला रक्त भरभर दिलं की फुप्फुसात पाणी साठतं, तिला जास्तच सावकाश द्या. प्रत्येक रिअॅक्शन, किरकोळसुद्धा, लिहा. डिसेंबर २०१२ पासून देशात हिमोव्हिजिलन्स, म्हणजे अशा रिअॅक्शनची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे, मुख्य केंद्रामार्फत नोंद तिकडे जाते. लिहिणाऱ्यावर बालंट येत नाही. त्या नोंदीवरूनच नियम सुधारतात. याचसाठी रुग्णाचा आणि पिशवीचा नमुना चढवल्यानंतर ७ दिवस फ्रिजमध्ये जपून ठेवायचा.

पायरी १०: ज्यांची तारीख आधीच माहीत असते

थॅलेसेमियाचं मूल दर दोन ते चार आठवड्यांनी येतं. अपघात केव्हा होईल ते आपल्याला सांगता येत नाही, पण या मुलाची पुढची तारीख आज सांगता येते. तरीही ते आल्यावर "आज तुमचा गट नाही" असं ऐकवलं जातं, तेव्हा ती आपल्या नियोजनाची चूक असते. भिंतीवर एक कॅलेंडर फक्त या मुलांसाठी लावा. तारखेच्या पाच दिवस आधी मुख्य केंद्राला त्या मुलाच्या नावाने पिशवी सांगा: शक्यतो दोन आठवड्यांच्या आतली आणि पांढऱ्या पेशी गाळलेली. आईबाप शाळा, मजुरी, एसटी हे सगळं जुळवून येतात, त्यांची एक फेरी वाचवणं आपल्या हातात असतं. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यायचं असतं, ओळखपत्र बघा आणि पावतीच्या खिडकीवर त्यांना उभं करू नका.

सिकलसेलचा रुग्ण, विशेषतः विदर्भात आणि नंदुरबारकडे, हिमोग्लोबिन ८ घेऊन हिंडत-फिरत असतो. नुसत्या आकड्यावर त्याला रक्त चढवायचं नसतं. मागणीत कारण लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. इतर रुग्णांतही, रक्तस्राव नसेल आणि प्रकृती स्थिर असेल तर साधारण ७ च्या वर रक्त लागत नाही, आणि एक पिशवी चढवून पुन्हा तपासणं चांगलं. "दोन बाटल्या लावा" ही जुनी सवय आहे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं, पुष्कळदा तेवढं पुरतं.

पायरी ११: खिडकीवरचा माणूस

नातेवाइकाला "आधी दाता आणा, मग पिशवी" असं म्हणू नका. बदली रक्तदात्याची सक्ती करायची नसते, आणि तिच्यामुळेच हताश माणूस पैसे देऊन दाता शोधायला निघतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. शुल्क असतं ते तपासणी आणि प्रक्रियेचं, हे त्याला शांतपणे सांगा. "माझंच ताजं रक्त आईला द्या" असा आग्रह धरणाऱ्या मुलाला समजावा की सख्ख्या नात्यातलं रक्त उलट धोक्याचं ठरू शकतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात ठाण मांडून बसतात. त्याने रक्त जरूर द्यावं, कोणाच्याही आईसाठी.

पायरी १२: ड्युटी सोपवताना

मुदत संपलेल्या पिशव्या रजिस्टरमध्ये कारणासह नोंदवा, आधी ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा) आणि मग पिवळ्या पिशवीतल्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्या. कारणाच्या रकान्यात नुसतं "एक्स्पायर" लिहू नका. "एबी पॉझिटिव्ह, जास्त मागवली" किंवा "गाडी दोन फेऱ्या आली नाही, परत करता आली नाही" असं लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी रेघ कुठे सरकवायची ते कळतं. ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावरचा साठाही रोज सकाळी बदला. दुसऱ्या तालुक्यातून कोणीतरी तो आकडा बघून गाडी काढणार असतो.

रात्रपाळीच्या माणसाला तोंडी "सगळं ठीक आहे" सांगून निघू नका. फळ्यावर गटवार चार रकाने लिहा: किती पिशव्या, किती दिवस पुरतील, त्यातल्या किती राखीव, आणि पहिली मुदत कधीची. खाली मुख्य केंद्रात आज रात्री फोन उचलणाऱ्याचं नाव आणि नंबर. त्याखाली लेबर रूममध्ये आज कोण जोखमीचं आहे, हे सिस्टरना विचारून: "खाट ७, हिमोग्लोबिन ६.५, ओ पॉझिटिव्ह, नमुना घेतलाय, एक पिशवी जुळवून ठेवलीय."